सावलीचे वेगळे पैसे

ग्रिम्सबीत दर गुरुवारी संध्याकाळी सहाला,
कॉलेजच्या मागच्या इमारतीत, खोली नंबर चौदा,
मी आठ जणांना फोटो दुरुस्त करायला शिकवते.
हीटर एकाच बाजूला तापतो.
कोट काढणारे डावीकडे, न काढणारे उजवीकडे,
आणि कुणी दार उघडलं की
धुरावलेल्या मासळीचा वास आत येऊन
मागच्या बाकावर बसतो, फी न भरता.

पहिल्या दिवशी थर.
चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा,
खालची पुसायची नाही, वरून झाकायची.
दिवसभर कारखान्यात कोळंबीचे ट्रे भरणारी डाइवा
विचारते, मग जिथे काहीच नाही
तिथे हे राखाडी-पांढरे चौकोन कशाला?
मी म्हणते, काहीच नाही, हेही दिसायला हवं ना.
ती मान हलवते. वहीत पेनाने चौकटी काढते,
एक भरलेली, एक रिकामी.

कीगन सतराचा.
त्याच्या प्रत्येक अक्षराला चकाकी,
चकाकीला सावली, सावलीलाही सावली.
निम्मं काढ रे, मी म्हणते.
तो निम्मं काढतो
आणि उरलेलं दुप्पट करतो.

मिरजेत माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत.
अक्षराचा दर ठरलेला, सावलीचे पैसे वेगळे,
अक्षरामागे आठ आणे.
किराणावाला घासाघीस करून सावली गाळायचा,
सोनार मागून घ्यायचा.
रस्त्यात उभं राहिलं की कळायचं
कुणाच्या नावाला भिंतीपासून सुटणं परवडलंय.

पाचव्या आठवड्यात मिस्टर ऑझगरबींनी
बिस्किटांच्या डब्यातून फोटो आणला.
बोटीच्या डेकवर सहा जण, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
एकाने कॉड धरलेला, बारशाच्या बाळासारखा.
मी तो मोठ्या पडद्यावर लावला. आज डागांचा धडा.
ठिपके, ओरखडे, चहाचा एक थेंब.
शेजारचा स्वच्छ तुकडा उचलायचा, डागावर ठेवायचा,
ठिगळच, पण शिवण दिसता कामा नये.
मग खालच्या कोपऱ्यात, डेकच्या फळ्यांवर
एक लांबट काळं काहीतरी.
फोटो काढणाऱ्याची सावली, मी म्हणाले,
नवशिक्याची चूक,
ऊन पाठीवर घेऊन उभा राहिलाय.
चार फटक्यांत फळ्या कोऱ्या.

वर्ग म्हणाला, वा.
ऑझगरबी पडद्याशीच बोलल्यासारखे म्हणाले,
तो लेन होता.
कॅमेरा त्याचा, म्हणून कुठल्याच फोटोत नाही.
एवढाच होता.

हीटर टकटकला.
मी सॉरी म्हणाले की नाही, आठवत नाही.
कंट्रोल धरून झेड दाबत गेले.
एक फळी काळवंडली, मग दुसरी,
मग खांदे, टोपीची कड,
मग बाहेर आलेली दोन कोपरं,
डोळ्याशी कॅमेरा धरताना माणसाची येतात तशी.
हात थांबेना. एक पायरी जास्तच मागे गेले,
चहाचा थेंबही परत आला.
राहू दे, ते म्हणाले, तोही त्याचाच असेल.

दहा मिनिटं उरली होती.
कुणी काही विचारेना, तेव्हा कीगनने विचारलं,
मिस, सावलीचा कोन किती ठेवू?
मी तोंड उघडायच्या आत
ऑझगरबी उठले, त्याच्या खुर्चीमागे जाऊन वाकले,
चष्मा कपाळावर.
आधी सांग, म्हणाले, ऊन कुठून येतंय?
कीगनने खिडकीकडे पाहिलं.
बाहेर नोव्हेंबर, पार्किंगचा एक पिवळा दिवा.
तो पुन्हा पडद्याकडे वळला,
आणि अक्षरामागून अक्षर
विचार करू लागला.